ज्याच्या खिशात फ्यूज

तारीख तीन जून, वार मंगळवार. रक्कम चौऱ्याण्णव हजार सहाशे रुपये. जागा कंपनीचं टाइम ऑफिस. हजर तिघं: टेबलापलीकडे साळवी, अलीकडे बाबा आणि दाराजवळच्या बाकावर मी. माझं तिथे काही काम नव्हतं, पण साळवींनी निरोपात "मुलाला घेऊन या" असं मुद्दाम सांगितलं होतं. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधल्या पट्ट्यात कापडाचे रंग बनवणारी ती कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं. साळवी तिथे टाइमकीपर होते आणि बाबा ड्रायर सेक्शनचे सुपरवायझर. तेवीस वर्षांची ग्रॅच्युइटी आणि शेवटच्या महिन्यांचे पगार मालकांकडे अडकले होते. मधल्या वर्षात मालकांनी त्याच आवारात, त्याच शेडमध्ये कॉलेज काढलं होतं आणि साळवी त्याचे रजिस्ट्रार झाले होते. टेबल मात्र तेच होतं.

"कोर्टात जायचं तर जा, सोनावणे," साळवी म्हणाले. "दहा वर्षांनी मिळतील. मिळाले तर. नाहीतर असं करू." त्यांनी हिशेब मांडला. बी.एस्सी. संगणकशास्त्र, फी वर्षाला चोवीस हजार, तीन वर्षांचे बहात्तर हजार. इमारत निधी दहा हजार. उरलेले बारा हजार सहाशे रोख, आत्ताच्या आत्ता. "पोरगं ग्रॅज्युएट होईल, तेही तुमच्याच कंपनीतून. आणखी काय पाहिजे?"

उल्हासनगरच्या जुन्या कॉलेजात संख्याशास्त्रासाठी माझं नाव पहिल्या यादीत लागलं होतं. तिथली फी याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. मी बाबांकडे पाहत राहिलो. त्यांनी एकदाही मान वळवली नाही, ते खिडकीतून ड्रायर सेक्शनच्या छपराकडे बघत होते. मग त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप काढताना म्हणाले, "बुडण्यापेक्षा हे बरं. आणि जागा परकी नाही. मला तिथली भिंत न् भिंत ठाऊक आहे." हे ते धीर देण्यासाठी म्हणाले असं मला तेव्हा वाटलं.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या अलीकडे, दोन खोल्यांचं. कंपनीचा भोंगा घरात स्वच्छ ऐकू यायचा. आईचा सगळा दिवस त्या भोंग्यावर बांधलेला होता. सकाळच्या भोंग्याला डबा भरून झालेला, दुपारच्या भोंग्याला तांदूळ वैरलेले, संध्याकाळच्या भोंग्याला चहाचं आधण. कॉलेजवाल्यांनी घंटेचा खर्च वाचवला आणि तासांसाठी तोच भोंगा वापरायला सुरुवात केली. त्यामुळे कंपनी बंद झाल्यावरही तो वाजतच राहिला, फक्त भलत्या वेळी. आई भोंगा ऐकून उठायची, गॅसजवळ जायची आणि मध्येच थांबून विचारायची, "आत्ता कशाचा वाजला?" बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "कशाचा नाही. पोरांचा तास बदलला."

रंग आमच्या घरात तेवीस वर्षं येत होता. बाबांच्या टाचांच्या भेगा पिवळ्या होत्या, बनियन पिवळे होते, मोरीच्या कोपऱ्यातला चुना पिवळा होता. त्यांचे कपडे धुवायची बादली वेगळी होती आणि तिला हात लावलेला आईला चालत नसे. तांदळाची भाकरी बाबा नेहमी मधल्या तीन बोटांनी मोडायचे, कारण अंगठ्याचा रंग भाकरीला लागतो असं त्यांना वाटायचं. कंपनी बंद झाल्यावर हे सगळं थांबेल अशी आमची समजूत होती. पण उन्हाळ्यात त्यांच्या उशीचा अभ्रा घामानं पिवळा होतच राहिला. त्या वर्षी आईनं पांढरे अभ्रे शिवायचे सोडले, गडद निळं कापड आणलं. 

बाबांची कंपनीतली एक सवय घरातही होती. पंखा किंवा मिक्सर दुरुस्त करायचा असला की ते आधी बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात टाकायचे. कंपनीत हा कायदा होता. मशीनवर काम करणाऱ्यानं तिचा फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि बोर्डावर खडूनं आपलं नाव लिहायचं. तो माणूस परत येऊन स्वतः फ्यूज लावेपर्यंत ती मशीन मालक आला तरी चालू होत नसे. माझ्या जन्माआधी एकदा कोणीतरी घाईत दुसऱ्याच्या जागी नवा फ्यूज लावला होता आणि रंग मिसळायच्या ब्लेंडरमध्ये हात घालून बसलेल्या एका कामगाराचा हात खांद्यापासून गेला होता. त्या अपघाताची नोंद साळवींनीच केली होती. तेव्हापासून तिथला प्रत्येक माणूस म्हणायचा, ज्याच्या खिशात फ्यूज त्याची मशीन. एकदा बाबा फ्यूज खिशात घेऊन तसेच ड्यूटीवर गेले आणि आम्ही दिवसभर बिनविजेचे बसलो. शेजारच्यांनी नवा फ्यूज देऊ केला. वीस रुपयांची वस्तू. आईनं घेतला नाही. "त्यांचा त्यांनाच लावू दे," म्हणाली आणि पुठ्ठ्यानं वारा घेत बसली.

कॉलेजचा पहिला वर्ग ड्रायर सेक्शनमध्ये भरायचा. दारावर पांढऱ्या रंगाखालून 'ड्रायर २' ही अक्षरं दिसत. नवीन फरशी, नवीन बाक, नवीन फळा, आणि हवा दमट झाली की फळ्यामागच्या भिंतीतून पिवळे डाग हळूहळू वर येत. सुट्टीत त्यावर रंगाचा हात फिरायचा, पुन्हा आठवड्याभरात ते तिथेच असत. वास सडलेल्या बदामासारखा. सवय झाली की येईनासा होई, आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पुन्हा येई. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, पण काय शिकवलं हे कधीच नाही. "कुठल्या खोलीत बसवलं?" हा पहिला प्रश्न. "पाणी बाटलीतलंच प्यायलास ना?" हा दुसरा. आई दोन बाटल्या भरून द्यायची. कॉलेजात टँकरचं पाणी होतं, ते चांगलं होतं, असं मी सांगितलं तरी बाटल्या सुटल्या नाहीत.

माझ्या शेजारी हरेश बसायचा. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला सिंधी, वडिलांचं जीन्स शिवायचं वर्कशॉप. त्याला कुठल्याच मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला नव्हता, म्हणून तो इथे आला होता आणि त्याचं त्याला काहीही वाटत नव्हतं. माझ्या बाटल्यांवरून तो मला छळायचा. "क्या साईं, घर से पानी? तुझ्या बापानं विहीर घेतली काय विकत?" मग बाटली हिसकावून अर्धी संपवायचा आणि म्हणायचा, "मीठा है. आईला सांग, उद्या तीन भर."

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा टँकर बंद झाला होता. सुट्टीत बोअर मारली होती. नळाला धो धो पाणी, दिसायला स्वच्छ. कॅन्टीनचा चहा थोडा कडवट झाला, तो पावडर बदलल्यामुळे असं सगळ्यांनी धरलं. डिसेंबरात माझ्या लक्षात आलं की कॅन्टीनच्या स्टीलच्या ग्लासांच्या तळाला पिवळा थर धरला आहे. नखानं खरवडला तर निघेना. जानेवारीत हरेशच्या बोटांची सालं निघायला लागली. "थंडी है यार," तो म्हणाला आणि बोटं मला दाखवून हसला. तो पिवळा थर मी आमच्या मोरीच्या कोपऱ्यात जन्मापासून पाहिला होता. तरी मी दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या नाहीत. घरी सांगितलं तेही सहज, जेवताना. त्या दिवशी जवळ्याची चटणी होती, भाकरी होती, आणि बाबा खुशीत होते.

"कॉलेजात आता पाण्याची चैन आहे. बोअर लागली," मी म्हणालो.

"कुठे?"

"लायब्ररीच्या मागे. कंपाउंडपाशी ते शेवरीचं झाड आहे ना, तिथे."

बाबांचा हात ताटात थांबला. "झाडाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे. अगदी जवळ."

"पोरं पितात?"

"सगळी पितात. दिवाळीपासून."

त्यांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच होती. अन्न टाकणारा माणूस नव्हता तो. आई म्हणाली, "अहो, भाकरी टाकलीत?" बाबा बराच वेळ पाण्यात तरंगणाऱ्या त्या तुकड्याकडे बघत बसले आणि मग त्यांनी सांगितलं. कंपनी बंद व्हायच्या आधीचे काही रविवार, शिफ्ट नसताना, तळाच्या टाक्यांमधला गाळ ड्रममध्ये भरून शेवरीच्या झाडाजवळच्या खड्ड्यात पुरला होता. गाळ उचलून नेणाऱ्या गाडीचे पैसे मालकांना परवडत नव्हते. हाताखाली चार माणसं होती, देखरेख बाबांची होती.

"किती ड्रम?" मी विचारलं. मला तेव्हाही आधी आकडाच सुचला.

"मोजले नाहीत." बुद्धविहाराच्या वर्गणीचा रुपया न् रुपया तोंडपाठ असणारा माणूस हे सांगत होता. "मोजले असते तर लक्षात राहिले असते."

आई म्हणाली, "आणि तिथे पोराला घातलंत."

"टँकर होता तोवर काही नव्हतं. आणि बाटली देत होतो ना."

"आपल्या पोराला देत होता," आई म्हणाली आणि ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. साळवींनी बसायला सांगितलं, बाबा उभेच राहिले.

"बोअर बंद करा, साळवी."

"बसा तर खरं. चहा मागवतो."

"कुठल्या पाण्याचा?"

 साळवींच्या टेबलाखाली, पायांजवळ, घरून आणलेला फिरकीचा तांब्या होता. दीड वर्षात त्या खोलीत मी अनेकदा गेलो होतो, पण तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. बाबांनाही दिसला.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," बाबा म्हणाले.

"मला काहीच माहीत नाही. मी टाइम ऑफिसात बसायचो." साळवींनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्हाला माहीत असेल तर लिहून द्या. काय पुरलं, कुठे पुरलं, कोणाच्या देखरेखीखाली पुरलं. खाली सही करा. मग बघू आधी कोणाला उचलतात, मालकांना की तुम्हाला." मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाले, "याचं तिसरं वर्ष अजून माझ्याकडे जमा आहे, सोनावणे. डोकं शांत ठेवा."

बाबांनी कागदाकडे पाहिलं. पेन काढलं नाही. ते वळून बाहेर आले आणि लायब्ररीच्या मागे पंपाच्या खोलीकडे चालू लागले. मी मागून गेलो. खोलीत भोईर स्टुलावर बसला होता. तो कंपनीचा वायरमन, आता कॉलेजचा वायरमन, मूळचा वांगणीकडचा. बाबांनी मेन स्विच खाली ओढला. पंपाची घरघर थांबली. मग एकेक करून तिन्ही फ्यूज उपटले, शर्टाच्या खिशात टाकले, आणि बोर्डावर खडूनं लिहिलं: सोनावणे.

भोईर उठून उभा राहिला. कंपनीत विचारायचे तेच त्यानं विचारलं. "दादा, किती वेळ?"

"काम होईपर्यंत."

दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली. साळवी स्वतः पंपाच्या खोलीत आले आणि भोईरला दुसरे फ्यूज लावायला सांगितलं. मी खिडकीबाहेर उभा होतो.

"मी नाय लावनार, साहेब. वर दादांचं नाव हाय."

"ही कंपनी नाही, भोईर. कॉलेज आहे."

"बोर्ड तोच हाय ना."

"मग बाहेरचा वायरमन आणतो."

"आना की. त्याला मी सांगीन ह्ये नाव कोनाचं, आनि का लिवलंय."

साळवी बोर्डासमोर उभे राहिले. त्यांनी हात वर नेला, नावाजवळ, खडू पुसायला. तो हात तसाच काही क्षण हवेत राहिला आणि त्यांनी खाली घेतला. ब्लेंडरच्या त्या अपघाताची नोंद करणारा माणूस होता तो.

पाणी नाही म्हणून कॉलेज लवकर सुटलं. पोरं खूश. हरेशनं माझ्या पाठीवर थाप मारली. "तेरे पप्पा तो हीरो है. परीक्षेच्या टायमालापण काढायला सांग ना फ्यूज." मी त्याला म्हणालो, इथलं पाणी पुन्हा पिऊ नकोस, कधीच. "अरे, पचतं मला," तो म्हणाला. "मी उल्हासनगरचा आहे." आणि सालं निघालेल्या बोटांनी केस मागे सारत गेला.

दोन दिवसांनी संध्याकाळच्या भोंग्याला साळवी आमच्या घरी आले. आईनं चहा दिला. बाबा कॉटवर बसले होते. फ्यूज अजून खिशात होते, शर्ट बदलला की ते नव्या खिशात जात. त्यांच्या वजनानं खिसा लोंबत होता.

"काय पाहिजे ते सांगा," साळवी म्हणाले.

"टँकर चालू करा. बोअर काँक्रीटनं बुजवा. माझ्यासमोर."

"बोअरचं करतो. नळाचं कनेक्शन जूनमध्ये येतंय. तोपर्यंत रोज टँकर म्हणजे पैसे, आणि मालक एक रुपया देणार नाहीत. मी विचारून आलोय." त्यांनी कपाकडे पाहिलं. "तुमच्या खात्यावर चोवीस हजार आहेत. पण ते याचे आहेत."

तीन जूनला बाबांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. "मिलिंद," ते म्हणाले, "तुझं तिसरं वर्ष आहे त्यांच्याकडे. मी एकदा तुला न विचारता सही केली. आता तू सांग."

मला मोठं काही सुचलं नाही. टँकरचा दर मला माहीत होता, कॅन्टीनवाल्याकडून ऐकला होता. मी म्हणालो, "सहाशेनं चाळीस टँकर बसतात. परीक्षेपर्यंत पुरतील."

 "आणि ही गोष्ट या घराबाहेर जायची नाही," साळवी म्हणाले. "माझी एवढीच अट."

बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली. मी त्या माणसाचा मुलगा आहे, त्याची बाजू मांडू शकलो असतो, पण जे झालं ते हेच झालं. पाणी थांबलं आणि ड्रम तिथेच राहिले. आईनं साळवींच्या पुढ्यातला कप उचलला. त्यात अजून अर्धा चहा होता.

शनिवारी भोईरनं बोअरच्या तोंडात काँक्रीट ओतलं. बाबा शेवटचं घमेलं पडेपर्यंत उभे होते. खडूचं नाव मात्र त्यांनी पुसलं नाही आणि फ्यूजही परत केले नाहीत. "काम झालं नाही अजून," भोईरला एवढंच म्हणाले. मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली, दाखला घेतला आणि बदलापूरला एका गोदामात हिशेबनीस म्हणून लागलो. दोन वर्षांनी पैसे साठवून उल्हासनगरच्या त्याच जुन्या कॉलेजात राहिलेलं शिक्षण पुरं केलं. तिथल्या भिंती कोरड्या होत्या. मी कितीतरी दिवस फळ्याऐवजी भिंतीकडेच बघत बसायचो.

हरेश छत्तिसाव्या वर्षी डायलिसिसवर गेला. त्याला मधुमेह होता, त्याच्या वडिलांनाही होता. त्याचा संबंध त्या पाण्याशी लावायला माझ्याकडे कोणताही पुरावा नाही आणि ज्याला पुरावा नाही तो आकडा मी मांडत नाही. शेवटचं भेटलो तेव्हा त्याला दिवसाला मोजून पाणी होतं. माझ्या पिशवीतल्या बाटलीकडे बघून म्हणाला, "अजूनही घरचंच आणतोस, साईं?"

बाबा गेले. साळवी गेले. कॉलेज दुसरीकडे हललं. तिन्ही फ्यूज बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या माझ्या घरी शोकेसमध्ये आहेत, आणि माझी मुलगी पाहुण्यांना सांगते की ते आजोबांचे. गेल्या हिवाळ्यात त्या पट्ट्यातून जाताना पत्र्याचं कुंपण दिसलं, आणि त्यावर मोठा फलक: बावीस मजले, मुलांसाठी बाग, चोवीस तास पाणी, स्वतःची बोअर. मी आत विक्रीच्या ऑफिसात गेलो. टाय लावलेल्या मुलानं थंड पाण्याचा ग्लास पुढे केला. मी घेतला नाही. बोअर कुठे आहे विचारलं, तर त्यानं नकाशावर पेन टेकवलं.

"इथे शेवरीचं झाड होतं?" मी विचारलं.

"झाड माहीत नाही, अंकल. पाणी मात्र भरपूर लागलंय."

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, वहीत माझा नंबर लिहिला आणि साहेब फोन करतील म्हणाला. फोन आला नाही. नगरपालिकेत अर्ज दिला आहे, उत्तर नाही. शब्द बाबांनी दिला होता, मी दिला नव्हता, म्हणून जागाही इथे लिहून ठेवतो: जुन्या लायब्ररीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपासून आत, जिथे आता मुलांची बाग दाखवली आहे. ड्रम किती ते माहीत नाही.

हिशेब मात्र पुरा आहे. चौऱ्याण्णव हजार सहाशेपैकी फी दोन वर्षांची अठ्ठेचाळीस हजार, इमारत निधी दहा हजार, रोख बारा हजार सहाशे. राहिले चोवीस हजार. बाबांच्या तेवीस वर्षांमधली ही शेवटची रक्कम एप्रिलच्या सुरुवातीला चुकती झाली. ती वांगणीच्या एका टँकरवाल्याला, चाळीस खेपांबद्दल, सहाशे रुपये दरानं दिली.